बारा फूट कमी पडलेला रॅम्प

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रॅम्प आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसगत व्हायला नको. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की बहुधा गोड बोलतात. झालं गेलं विसरतात, मुलांना आशीर्वाद देतात आणि गप्प होतात. मी काहीही विसरलेलो नाही. एका माणसावर मी पाच वर्षं डूख धरून होतो, आणि त्याची कशी जिरली हे सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म वॉर्ड ऑफिसच्या मागच्या अंगणात झाला. ऑफिसच्या दर्शनी दाराला तीन पायऱ्या आहेत. पायांनी चालणाऱ्याला त्या दिसतसुद्धा नाहीत. बोलता बोलता तो वर पोहोचलेला असतो. पण व्हीलचेअरमधून येणारा माणूस पहिल्या पायरीशी आला की थांबतो, आणि तिथून पुढे तो इतरांच्या मर्जीवर असतो. निवडणूक जवळ आली होती, मतदान याच ऑफिसच्या हॉलमध्ये व्हायचं होतं आणि वरून हुकूम आला होता की प्रत्येक केंद्रावर रॅम्प हवा. म्हणून सुतारकाकांना बोलावणं गेलं.

बोलावणारे होते किल्लीसाहेब. ते भांडाराचे प्रमुख. त्यांच्या पट्ट्याला बावीस किल्ल्यांचा जुडगा लटकत असे, आणि साहेब दिसायच्या आधी त्यांचा खुळखुळाट ऐकू येई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, बाहेर कोणी ते वापरत नसे. निवडणुकीच्या दिवशी तेच केंद्रप्रमुख होत आणि त्या एका दिवसात त्यांची छाती दोन इंच फुगे.

सुतारकाका आले तेव्हा साहेबांनी त्यांना पायऱ्या दाखवायला हव्या होत्या. त्यांनी काय दाखवलं असेल? भांडाराची खोली! "हे बघा," ते म्हणाले, "ही खोली साडेसहा फुटांची आहे. रॅम्प इथे आत मावला पाहिजे. बाहेर ठेवला तर चोरीला जाईल, आणि उत्तर मला द्यावं लागेल." सुतारकाकांनी टेप काढला, खोली मोजली आणि मला सहा फुटांचा कापला.

मित्रांनो, माझ्या आयुष्याची सगळी नासाडी या एका मोजमापात आहे. पायऱ्या कोणी मोजल्याच नाहीत. मी चढायला किती सोपा आहे याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. मला कुलुपात कसं घालता येईल, यावरून माझी लांबी ठरली.

तरी मी देखणा होतो. चांगली जाड फळी, दोन्ही कडांना पट्ट्या, वर निळा रंग. तपासणीसाठी मोठे साहेब आले. मला पायऱ्यांना टेकवून फोटो काढले. टाळ्या वाजल्या. त्या फोटोत पाच अधिकारी, एक हार आणि मी होतो. व्हीलचेअर एकही नव्हती. पण तेव्हा मी लहान होतो, मला त्यात काही खटकलं नाही. उलट मी खूश होतो.

मग मतदानाचा दिवस आला आणि टेलरताई आल्या.

टेलरताईंबद्दल तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण ही गोष्ट माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त आहे. वय तेव्हा छत्तीस. लहानपणीच्या आजारात पाय गेले. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरच्या एका खोलीत त्या एकट्या राहत आणि शाळांचे गणवेश शिवत. शिवणयंत्राला पायाऐवजी कोपराने दाबायची कळ त्यांनी स्वतः बसवून घेतली होती. एकटं राहायचं म्हणून घरच्यांशी भांडण झालं होतं, आणि ते त्यांनी जिंकलं होतं. एक गोष्ट मात्र त्यांना कधी जमली नव्हती. त्यांनी स्वतःचं मत स्वतः दिलं नव्हतं. दर वेळी त्यांचे दादा त्यांना पाठुंगळीला मारून केंद्रात नेत, पडद्यामागे सोबत उभे राहत, "हे बघ, इथे" म्हणत आणि शिक्काही स्वतःच मारत. दादा वाईट नव्हते. बहिणीचं काम आपण करायचं असतं एवढंच त्यांना माहीत होतं. त्या वर्षी रॅम्प आल्याचं कळलं तेव्हा ताईंनी दादांना सांगितलं, "या वेळी तू येऊ नकोस. मी जाते."

त्या आल्या. माझ्यासमोर थांबून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. किल्लीसाहेब वरून म्हणाले, "या ना ताई, तुमच्यासाठीच केलाय खास! जरा जोर लावा, येईल वर." मागे रांग होती. लोक बघत होते. ताईंनी जोर लावला.

अठरा इंच उंचीला सहा फूट लांबी. तो चढ नव्हता, भिंत होती. अर्ध्यावर खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली आणि खुर्ची मागे उलटली. सावरायला ताईंनी उजवा हात माझ्या कडेवर टेकवला. त्यांचं मनगट माझ्या अंगावर मोडलं. तो आवाज मी ऐकला आहे. तो कसा होता ते मी तुम्हाला सांगणार नाही.

लोक धावले, ताईंना दवाखान्यात नेलं. मत राहिलंच. आणि किल्लीसाहेबांनी काय केलं? त्यांनी केंद्राची नोंदवही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "मतदार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडली. रॅम्प सुस्थितीत आहे." शाई वाळायच्या आत मला भांडारात लोटून कुलूप लावलं. सगळं खापर ताईंवर फोडून झालं होतं, आणि थोडं उरलं होतं ते माझ्यावर. कारण कुलूप लावताना साहेब पुटपुटले, "हा निळा धोंडा गळ्यात पडलाय."

तेव्हापासून मी त्यांच्यावर दात धरला.

भांडारात माझ्या सोबतीला तीन पायांच्या दोन खुर्च्या होत्या, एक पातं तुटलेला पंखा होता आणि कापडी फलकांची गुंडाळी होती. फलकांवर लिहिलं होतं, "प्रत्येक मत मोलाचं." ही गुंडाळी माझ्या अंगावर टेकून उभी असे. रोज तेच वाचून माझं डोकं फिरायचं. तीन पायांच्या खुर्च्या मला समजावत. म्हणत, जाऊ दे, आपण वस्तू, आपल्या हातात काय आहे? माझ्या हातात खरंच काही नव्हतं. पण माझ्या उजव्या कडेला, ताईंचा हात टेकला होता तिथेच, एक खिळा अर्धा वर आला होता. तो मी जपला. दमट हवेत माझं लाकूड फुगलं की तो आणखी जरासा वर सरके. साहेबांच्या पोटरीची उंची मला ठाऊक होती. मी वाट बघत बसलो.

तिकडे ताईंवर काय गुदरलं ते मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. मनगट वाकडं जुळलं. आठ महिने कात्री धरता येईना. गणवेशांचं काम दुसऱ्याकडे गेलं. दादा रोज येऊन एकच पालुपद लावत, "आता पुरे झालं तुझं एकटीचं बिऱ्हाड. माझ्याकडे चल. तुला काय कमी पडणार आहे?" ताई जवळजवळ तयार झाल्या होत्या. सामान बांधायला त्यांनी पेटीसुद्धा काढली होती.

त्या सुमारास त्यांना ऑपरेटरकाका भेटले. हे पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. डोळ्यांनी दिसत नाही, पण आवाज एकदा ऐकला की माणूस जन्मभर लक्षात. निवृत्तीनंतर त्यांनी सायकलच्या दुकानामागे दोन खोल्या घेऊन एक केंद्र काढलं होतं. लोक त्याला उसनेघर म्हणत. तिथे व्हीलचेअर उसनी मिळे, कुबड्या मिळत, कानाची यंत्रं मिळत, बँकेत सोबतीला माणूस मिळे. एकट्याने बस कशी पकडायची, एका हाताने स्वयंपाक कसा करायचा, घरमालकाशी भांडायचं कसं, हे सगळं तिथे शिकवलं जाई. शिकवणारे सगळे स्वतः त्यातून गेलेले. कीव मात्र तिथे उसनीसुद्धा मिळत नसे.

ताईंनी पेटी परत पलंगाखाली सारली. डाव्या हाताने कापायला शिकल्या. आणि ऑपरेटरकाकांसाठी त्यांनी एक वस्तू केली. मोजायच्या टेपवर दर इंचाला दोऱ्याचा एक टाका घातला आणि दर फुटाला एक गाठ. त्या टेपने काका बोटांनी मोजू लागले. मग या दोघांना नादच लागला. गावातली दुकानं, दवाखाने, बँका, जिथे जातील तिथे पायरी मोजायची. इंचाला फूट, हा त्यांचा हिशेब. पायरी जितके इंच उंच, तितके फूट रॅम्प लांब हवा. उसनेघरातून कोणी रॅम्प नेला तर त्यांचा एक रिवाज होता. नेणाऱ्याने आधी स्वतः व्हीलचेअरमध्ये बसून, कोणाचा हात न घेता, त्यावरून चढून दाखवायचं. नाही चढता आलं तर रॅम्प मिळत नसे. कितीतरी दुकानदारांचा घाम तिथे निघाला होता.

पाच वर्षांनी पुन्हा मतदान आलं. कुलूप उघडलं, उजेड आत आला आणि किल्लीसाहेब मला ओढायला वाकले. माझा खिळा तयार होता. टर्रकन आवाज झाला आणि साहेबांची नवी पँट गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फाटली. पोटरीला ओरखडासुद्धा आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पण फाटक्या पँटीने त्यांना दिवसभर सगळ्यांसमोर वावरावं लागलं. हा माझा छोटा सूड. मोठा सूड दुपारी चार वाजता रांगेत येऊन थांबला.

ताई आल्या तेव्हा रांगेत साठेक माणसं होती. रांग पुढे सरकली, ताई पायरीपाशी पोहोचल्या आणि थांबल्या. मागच्यांना म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी रांगेतच आहे." किल्लीसाहेब लगबगीने बाहेर आले. ओळख पटली तसा त्यांचा चेहरा पडला, पण आवाज गोड होता.

"ताई, रॅम्प लावलाय की. या ना."

"हा तोच आहे," ताई म्हणाल्या. "याच्यावरून मी चढणार नाही. याला बारा फूट कमी आहेत."

"बरं, चार माणसं बोलावतो. खुर्चीसकट उचलून नेतात अलगद."

"मला हात लावायचा नाही."

"मग घरून मत द्यायचा अर्ज का नाही भरलात? सोय होती."

"घरी माझा दादा शेजारी उभा राहतो," ताई म्हणाल्या. "मला पडद्यामागे एकटीला जायचंय. मी थांबते. तुम्ही करा तुमची व्यवस्था."

साहेबांनी खांदे उडवले. बाई कंटाळून जाईल असं त्यांना वाटलं. इथेच त्यांचं चुकलं, कारण नियम त्यांना पाठ होता, पण त्या नियमाचा अर्थ त्यांनी कधी लक्षात घेतला नव्हता. पाच वाजता मतदान संपतं. मात्र पाचच्या ठोक्याला जो रांगेत आहे, त्याचं मत झाल्याशिवाय मतपेटीला सील लावता येत नाही. आणि सील लागल्याशिवाय केंद्रातला एकही माणूस घरी जाऊ शकत नाही.

पाच वाजले. हवालदाराने फाटक लावलं आणि रांगेत उरलेल्या माणसांना चिठ्ठ्या वाटल्या. सहा जणांनी मत दिलं आणि ते गेले. शेवटची चिठ्ठी ताईंच्या हातात होती. ती त्यांनी मांडीवर नीट ठेवली आणि पिशवीतून एका उशीचा अभ्रा काढून त्याची किनार शिवायला घेतली.

साडेपाच झाले. पावणेसहा झाले. यादी बघणाऱ्या बाई सकाळी सहाला घरातून निघाल्या होत्या. उमेदवारांचे प्रतिनिधी जांभया देत होते. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि राग निघाला तो ताईंवर. "एका बाईपायी आम्ही सगळे अडकलोय," कोणी म्हणालं. "एवढं काय? दोन मिनिटांचं काम आहे." ताईंची सुई थांबली नाही. 

मग कोणीतरी फोन करून दादांना बोलावलं. ते धावत आले.

"अगं, काय चालवलंयस हे? चल, मी उचलतो. मी आत थांबणार नाही, बाहेर उभा राहतो, शप्पथ. दोन मिनिटांत मोकळी होशील."

"दादा," ताई म्हणाल्या, "दोन मिनिटं तू मला उचलशील. मग पुढची पाच वर्षं सगळे म्हणतील, उचलून नेता येतं की, रॅम्प कशाला हवा. तू घरी जा, नाहीतर माझ्या बाजूला उभा राहा. खांदा देऊ नकोस."

दादा घरी गेले नाहीत. थोडा वेळ चुळबुळ करत उभे राहिले आणि मग ताईंच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले. म्हणाले, "बरं, मग सांग कोणाला बोलावू." त्यांनी ऑपरेटरकाकांना फोन लावला, आणि काकांनी सुतारकाकांना.

ऑपरेटरकाका उसनेघरातली एक जादा व्हीलचेअर पुढे ढकलतच आले. खिशातून गाठींचा टेप काढून त्यांनी पायऱ्यांवर बोट फिरवलं. "अठरा इंच." मग माझ्या अंगावरून टेप सरकवत नेला. त्यांच्या बोटांचा स्पर्श मला अजून आठवतो. माझी उपयोगासाठी मोजणी करणारा तो पहिला माणूस. "सहा फूट," ते म्हणाले. "अठराला सहा? हा कोणी केला?"

सुतारकाका पुढे आले. मान खाली होती. "मी केला. पण मला पायऱ्या दाखवल्याच नव्हत्या हो. साहेबांनी भांडाराची खोली दाखवली. म्हणाले, आत मावला पाहिजे."

मग यादीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही इथे उपाशी बसलोय ते तुमच्या कुलपापायी?" आणि मित्रांनो, रागाचं तोंड फिरलं. इतका वेळ ताईंवर रोखलेल्या सगळ्या नजरा किल्लीसाहेबांवर गेल्या. मी मनातल्या मनात नाचत होतो.

साहेब चिडले. "नोंद आहे माझ्याकडे! रॅम्प सुस्थितीत होता. तेव्हा लिहिलंय मी."

ताईंनी अभ्रा पिशवीत ठेवला. याच वाक्याची त्या पाच वर्षं वाट बघत होत्या. "सुस्थितीत आहे ना? मग चढून दाखवा. खुर्ची आणलीय."

साहेब हसले, पण बाकी कोणी हसलं नाही. "बसा हो साहेब लवकर," हवालदार म्हणाला, "मला घरी जायचंय." साहेब बसले. ते बसायच्या आधी ताईंनी सुतारकाका आणि हवालदार यांना खुणेने खुर्चीच्या मागे उभं केलं. ते साहेबांना दिसलं नाही, मला दिसलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

पहिल्या खेपेला साहेब फूटभर चढले आणि घरंगळत खाली आले. दुसऱ्या खेपेला दोन फूट. "पुन्हा," ताई म्हणाल्या. साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, फाटकी पँट फडफडत होती आणि बावीस किल्ल्या वेड्यावाकड्या वाजत होत्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी दात-ओठ खाऊन जोर लावला. ते बरोबर अर्ध्यावर आले. खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली. साहेबांनी सावरायला उजवा हात माझ्या कडेकडे नेला आणि त्यांच्या घशातून आवाज निघाला, "अरे धरा! धरा कोणीतरी!"

मला ते पडायला हवे होते. खोटं कशाला बोलू? माझा प्रत्येक तंतू त्या मनगटाची वाट बघत होता.

पण मागच्या दोघांनी खुर्ची धरली आणि अलगद खाली उतरवली. सुतारकाका ताईंना म्हणाले, "एकदा आदळू द्यायचा होता." ताई म्हणाल्या, "मनगट मोडलं की काय काय जातं ते मला माहीत आहे. मला त्यांचं मनगट नको. त्या हाताने मला लिहून हवंय."

नोंदवही बाहेर आणली गेली. ताईंनी मजकूर सांगितला नाही. म्हणाल्या, "तुमच्या शब्दांत लिहा." साहेबांनी बराच वेळ पेन हवेत धरलं आणि मग लिहिलं. ऑपरेटरकाका म्हणाले, "मला दिसत नाही. मोठ्याने वाचा." साहेबांनी वाचलं. "मोठ्याने," काका म्हणाले. "रस्त्यावरच्यांनाही कळू दे."

"पायऱ्यांची उंची न मोजता रॅम्प करवून घेतला," साहेब वाचू लागले. "तो वापरण्याजोगा नव्हता आणि नाही. मागील मतदानाच्या वेळी पडलेल्या मतदाराची त्यात काहीही चूक नव्हती. चूक माझी होती." शेवटचे तीन शब्द त्यांनी इतके हळू वाचले, की काकांनी ते पुन्हा वाचायला लावले.

आता उरले बारा फूट. सुतारकाकांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर भांडाराच्या दारावर थांबली. चांगलं सहा फुटांचं, जाड फळीचं दार. त्यांनी पेचकस काढला. बिजागऱ्या सुटल्या, दार खाली आलं. साहेब "अहो, अहो" करत राहिले. त्यांच्या पट्ट्याला किल्ली होती, कुलूपही शाबूत होतं, फक्त दार नव्हतं. आणखी सहा फूट हवे होते. ते साहेबांच्या स्वतःच्या खोलीच्या दारातून निघाले. सगळ्यांनी हात लावला. यादीवाल्या बाईंनी विटा आणल्या, प्रतिनिधींनी बाकं आणली, दादांनी खिळे धरले. माझा वर आलेला खिळाही सुतारकाकांनी एका घावात आत बसवला. मी तक्रार केली नाही. मी आता अठरा फुटांचा होतो.

ऑपरेटरकाकांनी शेवटपर्यंत टेप फिरवला. "इंचाला फूट," ते म्हणाले. "जा."

साडेसात वाजत आले होते. ताई निघाल्या. त्यांचं उजवं मनगट धड वळत नव्हतं, म्हणून दर दोन ढकलण्यांनंतर त्या थांबत आणि चाकं धरून श्वास घेत. दादांचे हात दोनदा पुढे झाले आणि दोन्हीदा त्यांनी ते मागे घेऊन पाठीशी बांधले. एक दार झालं. दुसरं दार झालं. मग ताई माझ्यावर आल्या, मीही श्वास रोखून धरला, आणि त्या माझ्यावरून सरळ वर गेल्या. उंबरा ओलांडला. पडद्यामागे गेल्या. पडदा ओढला गेला.

आत त्या बराच वेळ होत्या. इतका वेळ तिथे कोणी घेत नाही. पण त्या दिवशी कोणी घाई केली नाही.

बाहेर येऊन मतपत्रिका पेटीत टाकली तेव्हा कागदाचा बारीक आवाज मला ऐकू आला. दुसऱ्या मिनिटाला सील लागलं. ताई खाली आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू होतं. दादा त्यांच्यासोबत फाटकापर्यंत गेले. तिथे मात्र त्यांना राहवलं नाही. विचारलंच, "कोणाला दिलंस गं?"

ताई खळखळून हसल्या. "तेवढं सांगायचं असतं, तर तुझ्या पाठीवरूनच नसते गेले?"

दादाही हसायला लागले. कोणाला दिलं ते त्यांना आजतागायत ठाऊक नाही. मलाही नाही.

त्या नोंदवहीची नक्कल वर गेली आणि किल्लीसाहेबांची भांडारातून उचलबांगडी झाली. वॉर्ड ऑफिसला आता सिमेंटचा पक्का रॅम्प आहे, अठरा फुटांचा, मोजून. मी आणि ती दोन दारं उसनेघरात राहतो, एकमेकांना जोडलेले. आम्ही भाड्याने नाही, उसने जातो. आम्हाला नेणारा प्रत्येक जण आधी आमच्यावर चढून दाखवतो. किल्लीसाहेब कधी कधी रस्त्याच्या पलीकडून जातात. ताई त्यांना हात करतात, कारण ताईंचं काम झालं आहे. मी हात करत नाही. ताईंनी काय करावं तो त्यांचा प्रश्न, पण मी त्या माणसाला माफ केलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, मला जपा, मला दर वर्षी रंग लावा, असं मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे, एक दिवस कुजेन. तुम्ही मोठे व्हाल, दारं बांधाल, ऑफिसं चालवाल. तेव्हा ज्याच्यासाठी करताय त्याला आधी बोलवा आणि त्याच्यासमोर मोजा. आणि कुठे सहा फुटांचा, चकचकीत, कुलपात ठेवलेला रॅम्प दिसला, आणि तुमच्या पोटात राग उसळला, तर तो गिळू नका. तो माझा राग आहे. मी गेल्यावर तो तुम्ही जपा.